‘लेडी मार्जरी’ची उजवी बाजू

प्रेमाच्या बळावरच हे जग चालतं, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. ‘लेडी मार्जरी’ मात्र कोळशावर चालायची. आणि मालकाचा हात कोळशाच्या बाबतीत इतका आखडता, की प्रेमाने वाफ होते असं कळतं तर त्याने तेही भट्टीत घातलं असतं.

स्कॉटलंडमधल्या क्लाइडच्या खाडीतली ही आगबोट. दोन्ही कुशींना दोन प्रचंड चाकं. प्रवासी एका बाजूला गोळा झाले की तिकडचं चाक खोल बुडे, दुसरं हवेत उचललं जाऊन नुसतंच गरगरे, आणि बोट दारुड्यासारखी तिरकी चाले. शनिवारी हे हटकून होई. शेजारून दुसरी बोट शर्यत लावी आणि ती बघायला बोटीत चढलेलं अख्खं ग्रीनॉक गाव एकाच कठड्यावर लोटे. मग लॅक्लन नावाचा खलाशी साखळदंडांनी भरलेला हातगाडा ढकलत रिकाम्या बाजूला नेई. तेवढाच तोल.

गेल्या उन्हाळ्यात अशाच गडबडीत त्याला उजवीकडच्या बाकावर एकटीच मुलगी दिसली. ही ग्रिझेल. टोप्या शिवणारी, मावशीबरोबर रॉथसे बंदराला निघालेली. बोट लागल्यामुळे तिला उठायचंही त्राण नव्हतं.

“उठू नका,” तो म्हणाला. “या बाजूला तुमचाच आधार आहे.”

“माझं वजन काढताय?”

“छे... गाड्यापेक्षा कमीच भराल.”

तेव्हापासून ती दर शनिवारी उजवीकडेच बसे. बोट लागणं कधीच थांबलं होतं. मावशीला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

आज मात्र तिला खरोखरच मळमळत होतं. ‘लेडी मार्जरी’ विकली गेली होती. अमेरिकेत यादवी पेटलेली. तिथल्या बंदरांना वेढा घालून बसलेल्या आरमाराला हुलकावणी द्यायला अशाच चपळ बोटी हव्या होत्या. बोटीला राखाडी रंग फासायचा होता. सोबत जाणाऱ्या खलाशांना घसघशीत पगार मिळणार होता, आणि वर तोफगोळे. खरेदीदाराचा माणूस रॉथसेच्या धक्क्यावर थांबला होता. लॅक्लनने त्याला हो-नाही तिथे उतरताच सांगायचं होतं.

म्हणजे जे बोलायचं ते रॉथसेच्या आत. वाटेतल्या गुरॉकच्या धक्क्याला तिने तोंड उघडलं, तर तो दोर फेकायला धावला. डनूनला पुन्हा धीर केला, तर मावशीने आल्याचं बिस्कीट पुढे केलं आणि म्हणाली, खलाशाकडे काय बघतेस, त्याच्यापेक्षा त्याचा गाडा स्थिर. इनेलनही मागे पडलं. भुरभुर पाऊस लागला. हातमोज्याचं बटण पिळून पिळून ग्रिझेलच्या हातात आलं.

तेवढ्यात डावीकडे शर्यतीची बोट आली. सगळे तिकडे पळाले, मावशी सर्वांत पुढे. लॅक्लन गाडा घेऊन आला. उजवीकडे आता दोघंच, आणि पाठीशी हवेत धडधडणारं चाक.

“शेवटचा शनिवार,” तो म्हणाला.

“तिकडे... पाऊस असतो का?”

“तोफगोळे असतात म्हणे.”

“छत्री न्या.”

तो हसला नाही. गाड्याच्या दांडीवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. तिच्या कानाशी वाकून तो म्हणाला, “जाऊ नको, असं अजून कुणी म्हटलंच नाही मला.”

ती म्हणाली. पण त्या धडधडाटात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. मग तिने छातीत श्वास भरला, आणि नेमकं त्याच क्षणी, हवा कापणाऱ्या चाकाला वैतागून कप्तानाने इंजिन थांबवलं.

“जाऊ नकोस, लॅक्लन. मी जन्मभर उजवीकडे बसेन.”

हे बोटीवर सगळ्यांना ऐकू गेलं. बहुधा शेजारच्या बोटीवरही.

“सोमवारपासून मी बेकार असेन,” तो हळूच म्हणाला.

“मला चालेल.”

“आणि... एक सांगायचंय. हल्ली कितीतरी वेळा बोट अगदी सरळ असायची. तरी मी गाडा इकडेच आणायचो.”

“अस्सं. तरीच ती उजवीकडे ओढायची,” वरून कप्तान म्हणाला.

एव्हाना शर्यत सोडून सारे प्रवासी उजव्या कठड्याशी लोटले होते, मावशी याही वेळी पुढे. बोट कलली. गाडा घरंगळला. ग्रिझेल लॅक्लनच्या अंगावर आली, ती काही लगेच मागे सरली नाही.

कप्तानाने कर्णा तोंडाशी धरला.

“मंडळी, आनंद आहे. पण रॉथसे गाठायचंय. निम्मं वऱ्हाड जरा डावीकडे सरकेल का?”