डाव्या दारातला स्पीकर

जरा इकडे सरकून बसा, माझ्या उजव्या हाताला. दिवा राहू दे तिथेच. डावीकडून बोललात तर मला काही कळायचं नाही, आणि बाहेर जाऊन सांगाल की म्हातारा शिष्ट आहे. शिष्ट नाही हो, बहिरा आहे. तोही एकाच बाजूने. ते कसं झालं हे सांगायचं तर गाडी घेतली तिथपासून सुरुवात करायला हवी.

आयुष्यभर मी लोकांचे कान तपासले. रुग्णालयात आमच्या विभागात एक काचेची खोली होती. माणसाला हेडफोन चढवून आत बसवायचं, बाहेरून बारीक बारीक सूर सोडायचे, आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. माझी बायको मला पहिल्यांदा त्याच काचेपलीकडे दिसली. लहानपणी गालगुंड झालं आणि तिचा उजवा कान गेला तो गेलाच. डावा मात्र असा तिखट, की शेजारच्या घरात कोणी कुजबुजलं तरी हिला पत्ता लागायचा.

लग्न झालं आणि आमचा सगळा संसार तिच्या डाव्या बाजूला मांडला गेला. चालताना मी डावीकडे, जेवताना डावीकडे, झोपतानाही डावीकडे. भांडण झालं की ती मुद्दाम उजवा कान माझ्याकडे करून शिवणाच्या मशीनवर बसायची. मग मी कितीही डोकं फोडलं तरी फरक पडत नसे. स्कूटरवर मात्र काही अडचण नव्हती. मागे बसून ती हनुवटी माझ्या खांद्यावर टेकायची, खांदा थोपटून विचारायची, "निघायचं का?" आणि मी किक मारायचो. तिच्या हातांना मशीनच्या तेलाचा वास यायचा. मला तो आवडायचा, पण हे मी तिला कधी सांगितलं नाही. असल्या गोष्टी कोण सांगतं?

पुढे गुडघे कुरकुरू लागले. बाहेरगावी असलेल्या मुलीने फोनवर धोशाच लावला, "बाबा, आता पुरे ती स्कूटर. छोटीशी गाडी घ्या." म्हणून आम्ही दोघं शोरूमला गेलो आणि खिशाला झेपेल अशी सगळ्यात लहान गाडी पाहिली. त्यातही सगळ्यात खालचं मॉडेल. रंग तिने निवडला, राखाडी. "मळखाऊ आहे," म्हणाली. चालवून पाहायला मिळाली तेव्हा मी सारखा बोलत होतो आणि ती प्रत्येक वेळी अख्खी मान वळवून माझ्याकडे बघत होती. मागे बसलेला विक्रेता घाबरला, त्याला वाटलं बाई चिडल्या आहेत.

उतरल्यावर ती म्हणाली, "अहो, लक्षात आलं का? गाडीत तुम्ही कायम माझ्या बहिऱ्या बाजूला."

खरंच होतं. चालवणारा उजवीकडे, शेजारचा डावीकडे. इतकी वर्षं कानांत काढली आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"बरंच आहे," ती हसून म्हणाली. "निदान गाडीत तरी शांतता."

पण तिला गाण्यांचं वेड होतं, आणि कंपनीने दिलेला रेडिओ म्हणजे पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा. म्हणून गाडी हातात यायच्या आधीच आम्ही स्टिरिओच्या दुकानात गेलो. तिथे काम करणारा तिशीतला गडी भलता हुशार होता. हिने त्याचं नाव 'कारागीर' ठेवलं. चार स्पीकर, मागे डिकीत अॅम्प्लिफायर, पुढे पडद्याचा सेट असं सगळं ठरलं, तेव्हा हिने त्याला आपल्या कानाची गोष्ट सांगितली. त्याने डोकं खाजवलं.

"काकू, सोपं आहे. काकांच्या डोक्यावर, छताला, एक छोटा माइक लावतो. काका बोलतील इकडे, आवाज येईल तुमच्या दारातून. डाव्या कानात!"

ती लहान मुलीसारखी टाळी वाजवून हसली. "म्हणजे गाडीतही सुटका नाही!"

गाडी यायला वेळ होता. त्या मधल्या दिवसांत एका दुपारी ती मशीनवर बसल्या बसल्या कलंडली.

रुग्णवाहिकेत बसायचं बाकडं एकाच बाजूला होतं. तिच्या उजव्या बाजूला. डावीकडे कपाट आणि प्राणवायूची टाकी. मी बाकड्यावर बसून तिचा हात धरला आणि सांगत राहिलो, "भिऊ नकोस, मी आहे. मी इथेच आहे." तिचे डोळे वर छताकडे लागले होते. मान वळवायचा प्रयत्न करत होती, पण पट्ट्याने बांधलेली. मी ओरडून सांगितलं. भोंगा वाजतच होता. रुग्णालयाच्या दारात पोचायच्या आत तिचा हात सैल पडला.

ती माझा आवाज न ऐकता गेली. एकटीच आहोत असं समजून गेली. बाकी सगळं दुःख माणूस पचवतो हो, हे मला पचेना.

गाडी आली. मी नको म्हणत होतो, पण मुलगी म्हणाली, "आईने रंग निवडलाय बाबा, परत पाठवू नका." मग मी ती थेट स्टिरिओच्या दुकानात नेली. कारागिराने हात पुसत बाहेर येऊन विचारलं, "काकू नाही आल्या?"

तोंडातून निघून गेलं, "घरी आहे." एकदा तसं म्हटल्यावर पुढे काय बोलणार? त्याने ठरल्याप्रमाणे सगळं बसवलं. माइकसुद्धा. मी नको म्हटलं नाही.

सेट सुरेख वाजत होता. पहिल्याच आठवड्यात मात्र एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. गाणं हळूहळू माझ्यापासून दूर जायचं. आधी माझ्या दारातला आवाज बारीक व्हायचा, मग मागचे स्पीकर गप्प, आणि शेवटी गाणं फक्त पुढच्या डाव्या दारातून यायचं. पडद्यावर आवाजाचं वाटप दाखवणारा एक ठिपका असतो. तो डावीकडे टोकाला जाऊन बसलेला असायचा. मी बोटाने मधे आणायचो. पुढचा सिग्नल येईपर्यंत तो पुन्हा तिकडेच.

एका संध्याकाळी गाडी फाटकात थांबवून मी तो ठिपका सरकताना पाहिला. घाई नाही, झटका नाही. कोणीतरी आपल्या सोयीने ओढून घ्यावा तसा तो डावीकडे गेला. सीट रिकामी होती. काचा बंद होत्या. नव्या प्लास्टिकचा वास अजून गेला नव्हता, आणि त्या वासाच्या खाली एक दुसरा वास होता. मशीनच्या तेलाचा.

घाबरलो का? हो, घाबरलो. दार उघडून घरात पळालो. मग पाणी प्यायलो आणि मला रडू आलं, कारण त्या दाराकडे कोणता कान असतो ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कारागिराने तासभर डोकं घातलं. "सेटमध्येच गडबड आहे काका. नवा मागवतो. परवा गाडी घेऊन या, बदलून टाकू." मी मान हलवली आणि घरी येताना वाटभर एकच विचार करत राहिलो. सेट गेला, माइक गेला, तर ती बसणार कुठे? ऐकणार कशातून?

म्हणून आदल्या संध्याकाळी मी गाडी काढली. पाणीपुरवठ्याच्या तळ्याकडे जाणारा रस्ता सरळ आणि ओसाड आहे. उजेड उतरत होता. तळ्याच्या कुंपणाशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, सेट चालू ठेवला. ठिपका डावीकडे टोकाला होता. बाहेर पंपाची घरघर चालली होती, तीही थांबली.

मी माइकचं बटण दाबलं. डाव्या दारातून बारीक खरखर आली.

"मी बोलतोय..." माझा आवाज तिकडून आला. आपलाच आवाज रिकाम्या सीटजवळून यावा, हे कसं वाटतं ते सांगता यायचं नाही. "त्या दिवशी... मी तुझ्या उजवीकडे होतो गं. बाकडंच तिकडे होतं. तुला ऐकू आलं नाही. मी सांगत होतो, भिऊ नकोस... मी आहे... मी इथेच आहे."

सीटचं आच्छादन किंचित करकरलं. कोणी मान वळवताना अंग हलवतं, तेवढंच.

मला थांबायला हवं होतं तिथे. सांगायचं ते सांगून झालं होतं. पण माणसाला उत्तर हवं असतं. मी विचारलं, "ऐकलंस का?... एकदा सांग ना. ऐकलंस का?"

ठिपका हलला. डावीकडून मधे आला. मी हुंदका आवरत होतो, म्हटलं, आता मोकळी झाली ही. पण तो मधे थांबला नाही. मधून पुढे सरकला, उजवीकडे, थेट माझ्या बाजूच्या टोकाला. त्याच क्षणी माझ्या डाव्या कानात काहीतरी मिटलं. दुखलं नाही. एखाद्या खोलीचं दार कोणी हलकेच लावून घ्यावं तसं झालं, आणि त्या बाजूचं जग बंद पडलं.

रुग्णालयात माझ्या जागी आलेल्या बाईंनी मला त्याच काचेच्या खोलीत बसवलं. उजवा कान ठणठणीत. डाव्यात सूर सोडले, पण मी बटण दाबेना. अगदी तळाच्या, घरघरत्या सुराला मात्र एकदा दाबलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, अचानक, कारण सापडत नाही. मी आलेखाकडे बघत राहिलो. अख्ख्या उजव्या कानात हिला तेवढाच एक तळाचा सूर उरला होता. तो आलेख मला तोंडपाठ होता, आणि तोच आता माझ्या नावाखाली काढलेला होता.

सेट बदलायचा राहिलाच होता, म्हणून मग भर दुपारी दुकानात गेलो. कारागिराने बॅटरीची तार काढली, म्हणजे गाडीत वीज अशी नव्हतीच. तो मागे जाऊन डिकीत अर्धा आत शिरला, अॅम्प्लिफायर सोडवायला. मी माझ्या सीटवर बसून होतो. रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती, समोरच्या दुकानात कोणी टायरमध्ये हवा भरत होतं. मला ते सगळं उजवीकडूनच ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने मागून कारागिराचा आवाज आला, काम करता करता सहज बोलावं तसा.

"काका, काकू कधीच्या बोलताहेत. हूं तरी म्हणा त्यांना."

माझे हात स्टिअरिंगवर होते, तिथेच राहिले. मी त्याला काकू गेल्याचं कधी सांगितलंच नव्हतं. मान वळवायचा धीर झाला नाही.

"काय... काय म्हणतेय ती?"

"तुमच्या शेजारीच तर बसल्यात, ऐकू येत नाही?" तो हसला. "एकच चाललंय त्यांचं. 'ऐकलं हो, ऐकलं मी.' सारखं तेच."

कसा रडलो मी! इतक्या दिवसांचं ओझं उतरलं. तिने ऐकलं होतं. ती एकटी गेली नव्हती. आणि ते सांगायला ती आली, तर आता मी तिच्याकडे बहिरी बाजू करून बसलो होतो. मी मान गर्रकन डावीकडे वळवली, उजवा कान पुढे केला. सीट रिकामी. नुसती दुपार आणि तेलाचा वास.

मागे पान्हा खाली पडल्याचा आवाज झाला. कारागीर डिकीतून बाहेर निघाला असावा, आणि मागच्या काचेतून त्याला पुढच्या दोन्ही सीट दिसल्या असाव्यात. कारण पुढचं तो बोलला ते अगदी हळू.

"काका... आता त्या दुसरंच विचारताहेत..."

"काय?"

"'निघायचं का?' म्हणताहेत."

गाडी अजून माझ्याकडेच आहे, फाटकाच्या आत उभी. कारागीर तिला पुन्हा हात लावायला तयार नाही. तार मी परत जोडलेली नाही. रोज संध्याकाळी मी जाऊन माझ्या सीटवर बसतो आणि डावीकडे बघून सांगतो, "थांब जरा. इतक्यात नको." मुलीचं बाळंतपण जवळ आलंय, तेवढं तरी पार पडू दे, असं सांगतो. त्यावर ती काय म्हणते, ते मला ऐकू येत नाही.

फक्त काल बसलो तेव्हा डाव्या खांद्यावर कोणीतरी थोपटलं.