वाकडमान ज्वारी

तिने थंड खोलीचं दार उघडलं, तर आत एक माणूस गारव्याच्या यंत्राच्या पोटात अर्धा शिरलेला. नुसते पाय दिसत होते.

"अहो, जरा जपून! झाडांना धक्का लागेल—"

"झाडं होय? मला वाटलं, कागदी टोप्या घालून कुणी शाळा भरवलीय!"

ती हसली नाही. बाहेरचा पराग लागू नये म्हणून प्रत्येक कणसावर तिने कागदी पिशवी चढवली होती. ज्वारी उबेची लाडकी. फुलोऱ्यात गारठा बसला की पराग मरतात, कणीस पोचट राहतं. तिला हवं होतं थंड मुलखात पिकणारं वाण. कुठकुठली बियाणी जमवून तिने ही झाडं वाढवली होती. यंदा दाणा भरला नाही, तर खोली संशोधन संस्थेतल्या टोमॅटोवाल्यांना जाणार होती.

मेकॅनिक यंत्र नीट करून गेला. सकाळी काचेवर बर्फ! फुलोरा ऐन भरात.

"माझं वर्ष बुडवलंत तुम्ही."

त्याचा चेहरा उतरला. "भाज्यांच्या खोल्या करतो ना मी... हाताला सवय. तापमानाचा काटा खालीच नेला."

मग तो रोज येऊ लागला. काटा बघायचा, बादल्या उचलायचा, बोलणी खायचा.

"चहा तरी विचारा."

"दाणा भरू दे, मग."

पिशव्या काढायचा दिवस आला. पहिलं कणीस पोचट. पुढचंही... तिचा हात जड होत गेला. कोपऱ्यात मान मुरडलेलं एक तांबडं झाड होतं. तो त्याला वाकडमान म्हणायचा. त्याने पिशवीखाली तळवा धरला आणि थबकला.

"अहो... हे जड लागतंय."

दाणे! टच्च भरलेले. एवढ्या गारठ्यात, कागदाखालच्या अंधारात, कुणी बघत नसताना हे घडलं होतं.

"इतकी थंडी द्यायला मी धजलेच नसते," ती हळूच म्हणाली. "चला, चहा."

पुढच्या फुलोऱ्यात वाकडमानचा पराग दुसऱ्या कणसावर झटकायचा होता. कणीस त्याने धरलं.

"श्वास रोखा. पराग उडतो."

त्याने रोखला. तिने परागाची पिशवी उघडली, तोच तो पुटपुटला, "माझ्याशी लग्न—"

त्याच्या श्वासाने चिमूटभर पिवळी धूळ हवेत उडाली, दिव्याच्या उजेडात तरंगत दोघांच्या केसांवर बसली.

"उडवलात ना!" ती म्हणाली. "आता उद्या परत या... आणि परवाही. रोजच या."