चासीवरचं कुंकू

पुंडलिक नव्या चासी आणि जुन्या ट्रकच्या सागवानी बॉडीमध्ये चेंगरून मेला होता, आणि भय्यासाहेबांना काळजी होती ती बॉडीवर रंगवलेल्या मोराची.

"इन्स्पेक्टरसाहेब, उचलताना जरा सांभाळून हां," ते नाकावरच्या रुमालातून बोलले. "आजोबांच्या काळचा रंग आहे. टवका उडाला तर पुन्हा जमायचा नाही."

इन्स्पेक्टर रत्नाकरच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. मेलेल्या माणसांची त्याला कधी किळस वाटली नव्हती. जिवंतांची मात्र वरचेवर वाटायची.

रांझीतलं हे गॅरेज पुंडलिकचंच. ट्रकची बॉडी बांधण्यात त्याचा हात धरणारा जबलपुरात कोणी नव्हता. भय्यासाहेबांच्या आजोबांचा ट्रक गंजून पडला होता. त्याची बॉडी आता नव्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसायची होती, म्हणून ती लाकडी टेकूंवर उचलून धरलेली. काल मागचे टेकू निघाले आणि आत वाकलेला पुंडलिक सापडला.

"टेकू काढायचं काम कोणाचं?"

"पुतण्याचं, गणपतचं. काल संध्याकाळी मी इथेच होतो. पुंडलिकने माझ्यादेखत चासीवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, म्हणाला आता बसवतो. मी निघालो. त्या गणपतने घाई केली असणार."

रत्नाकर वाकला. चासीच्या उजव्या पट्टीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. त्याने बोट लावलं तर खालचा काळा रंग अजून चिकट. कुंकू त्यात रुतलं होतं. रंग वीतभरच ताजा. बाकीची पट्टी कंपनीतून आली तशी होती. पुंडलिकच्या आवळलेल्या मुठीत पॉलिश पेपरचा तुकडा होता.

गणपतला हवालदारांनी सकाळीच घरून उचललं होतं. ठाण्याच्या पायरीवर पुंडलिकची बायको नर्मदा बसली होती.

"साहेब, आमाले लेकरू नाही," ती म्हणाली. "अग्नी द्याले गणपतच हाय. त्याले सोडत नसान तं यायले काय बेवारस जाळू?"

रत्नाकर कोठडीत गेला. गणपत भिंतीला टेकून बसला होता.

"टेकू काहून काढले?"

"म्या नाही काढले, साहेब. मी तं दुपारीच घरी आलो. काका म्हणे, भय्यासाहेब येऊन राहिले, त्यायच्याशी बोलाचं हाय, तू जा."

"काय बोलायचं होतं?"

"चासीत कायतरी गडबड हाय म्हणे. खुलासा नाही केला."

"आणि बॉडी बसवायची घाई?"

"घाई कोनाले होती? भाऊबंदातली सिहोऱ्याची मोठी आजी परवाच गेली. तेरवी झाल्यावर बसवू, काका म्हणे."

"हे भय्यासाहेबांना माहीत होतं?"

"आमच्या घरचं त्यायनं कधी इचारलं, साहेब?"

रत्नाकर गॅरेजात परतला. प्रेत उचललं होतं, पण फरशीवरचं रक्त अजून धुतलं नव्हतं. तिथेच खुर्ची टाकून भय्यासाहेब बडा फुहारा चौकातून मागवलेली खव्याची जिलबी खात होते.

"स्वस्तिक पुंडलिकनेच काढलं? नक्की?"

"म्हटलं ना! बॉडीवाले पूजेशिवाय बॉडी टेकवतात का कधी?"

"नाही टेकवत. पण पुंडलिकला सुतक होतं. परवाच त्यांच्या भाऊबंदात माणूस गेलं. तो कुंकवाला हात लावणार नव्हता आणि नारळही फोडणार नव्हता. तेरवीआधी बॉडी बसणारच नव्हती."

भय्यासाहेबांनी हातातली जिलबी खाली ठेवली.

रत्नाकरने पॉलिश पेपर घेऊन स्वस्तिक घासायला सुरुवात केली. कुंकू गेलं, रंग गेला, आणि पट्टीतला वेल्डिंगचा जोड उघडा पडला.

"जुन्या ट्रकचा चासी नंबर कापून इथे डकवलाय. चोरीची चासी, वर आजोबांची बॉडी. कागदावर ट्रक जुनाच. पुंडलिकला संशय आला. तुमच्यासमोर वाकून तो पॉलिश पेपरने हा जोड घासत होता, तेव्हा तुम्ही मागचे टेकू पाडले. मग जोडावर रंग फासलात, आणि काम चालू असताना अपघात झाला असं वाटावं म्हणून वर पूजा मांडलीत. पूजा रंगानंतरची, आणि रंग पुंडलिक मेल्यानंतरचा. मेलेल्या माणसाने तुमच्यादेखत नारळ फोडला होय?"

भय्यासाहेबांनी बोटांवरचा पाक रुमालाला पुसला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघा, तुम्ही आपल्यातले. एका मिस्त्रीपायी कशाला इतकं... बसून बोलू ना."

रत्नाकर बाजूला वळून पचकन थुंकला. मग भय्यासाहेबांच्या त्याच चिकट हातांत त्याने बेड्या घातल्या.

ठाण्यात कोठडीचं कुलूप निघालं. गणपत बाहेर आला तरी त्याला खरं वाटेना.

"म्हंजे मी जाऊ?"

"जा. काकाला ग्वारीघाटाच्या स्मशानात न्यायचंय. माझी जीप घेऊन जा."

नर्मदा पायरीवरून उठली. "कोनं मारलं, साहेब?"

रत्नाकरने नाव सांगितलं.

"सकाळी घरी आला होता तो," ती म्हणाली. "माह्या डोक्यावर हात ठेवून रडला. म्या त्याले चहा करून देल्ला."

ती आवारातल्या नळाशी गेली, लोटा भरला आणि डोक्यावर ओतला. मग दुसरा. गणपतने हात धरेपर्यंत ती ओततच होती.