चालण्यापुरती स्वच्छ

काच धुण्याचा पंप म्हणजे मुठीत मावणारी वस्तू. एक इवलीशी मोटर, दोन तारा आणि टाकीच्या तळाशी घट्ट बसणारं रबरी बूच. विजेवरच्या व्हॅनच्या एवढ्या मोठ्या संसारात त्याला कोणी विचारत नाही. पण त्या दिवशी चंद्रपूरच्या डेपोतल्या चाचणी-प्रयोगशाळेत यशोधरा खोब्रागडे असाच एक जळका पंप समोर ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांचं डोकं त्या पंपापेक्षा जास्त तापलं होतं.

त्या डेपोच्या दुरुस्ती विभागाच्या प्रमुख. त्यांच्याच हाताखालचा फिटर किसन उरकुडे पाय प्लास्टरमध्ये घालून दवाखान्यात पडला होता. ड्यूटी संपवून सायकलवर घरी निघालेल्या उरकुडेला डेपोबाहेरच्या वळणावर कंपनीच्याच व्हॅननं उडवलं होतं. चौकशीत निघालं ते असं, की व्हॅनचा पंप जळालेला होता, समोरची काच कोळशाच्या धुळीनं माखलेली होती, आणि डेपोतल्या सगळ्या पंपांसारखा तोही बसवला होता खुद्द उरकुडेनं. झालं. पंप नीट बसवला नाही, सबब अपघाताला तो स्वतःच जबाबदार, अशी नोटीस त्याच्या खाटेवर पोचती झाली होती. माणसाला उडवायचं आणि खापरही त्याच्याच डोक्यावर फोडायचं, या हिशेबाला काय म्हणावं?

माल पोचवणाऱ्या या व्हॅनना चालक नव्हता. काचेच्या आत, पूर्वी आरसा असे त्या जागी, कॅमेरे होते आणि त्यांनी पाहिलेल्यावर गाडी हाकणारा निर्णयमेंदू होता. एकच पंप समोरच्या काचेवर आणि दोन्ही अंगांच्या कॅमेऱ्यांवर पाणी मारी. चंद्रपूरच्या हवेत काच धुणं म्हणजे निम्मं पाहणंच.

"डॉक्टर, हे बघा," यशोधराबाई म्हणाल्या. समोर डॉ. निरंजन सोहोनी होते. निर्णयमेंदू त्यांनीच घडवला होता आणि चौकशीसाठी ते पुण्याहून आले होते. "पंप नीट बसला नसता तर बुचातून पाणी झिरपलं असतं. आमच्या पाण्यात साबण असतो, झिरपला की टाकीखाली पांढरे ओघळ उमटतात. इथं एक तरी ओघळ दाखवा मला."

सोहोनींनी टाकी उलटीपालटी करून पाहिली. ओघळ नव्हता.

"आणि आतली गुंडाळी काळी पडली आहे. हा पंप पाण्यानंच थंड राहतो. टाकी रिकामी असताना चालत राहिला की असा जळतो. महिन्याभरात जळलेले सगळे पंप असेच आहेत. पाणी गळालं नाही, डॉक्टर. ते मारून संपवलं, आणि संपल्यावरही पंप चालवला. कोणी चालवला?"

"व्हॅनशिवाय दुसरं कोण चालवणार?" सोहोनी म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन थांबले.

यशोधराबाईंनी एका व्हॅनला स्वतःच्या हातानं नवा पंप बसवला, टाकी काठोकाठ भरली, काच लख्ख पुसली आणि सोहोनींना घेऊन आत सामानाच्या खोक्यांशेजारी जाऊन बसल्या. व्हॅन डेपोच्या फाटकाबाहेर पडली आणि त्या लख्ख काचेवर पाणी मारू लागली. मारतच राहिली. टाकी संपली, तोट्यांतून नुसती फुरफुर येऊ लागली, पंपाचा आवाज चिरका झाला. तरी तो बंद झाला नाही. थोड्या वेळानं जळका वास आला आणि आवाज थांबला. मग कोळशाचे ट्रक सुरू झाले. काच हळूहळू करडी होत गेली, आणि व्हॅन निवांतपणे, ठरल्या वेगानं चालत राहिली.

"थांबत का नाही ही? इतक्या घाण काचेवर?"

"काच फारच मळली तर थांबते, तसा नियम आहे," सोहोनी म्हणाले. "पण ती मर्यादा येण्याआधी ही कोरडाच वायपर फिरवते, पाहा. रस्त्याचे पट्टे दिसतात, भिंती दिसतात. सायकलवरचा माणूस दिसत नाही. ही काच चालण्यापुरती स्वच्छ ठेवते. दचकण्यापुरती नाही."

दचका हा सोहोनींचाच शब्द. समोर अचानक कोणी आलं आणि व्हॅननं कचकन ब्रेक मारला, की तिच्या कॅमेऱ्यात एक दचका नोंदला जाई. वेळेवर माल पोचवला की गुण वाढत, दचका बसला की कमी होत. कोणत्या वागण्यानं गुण वाढले ते प्रत्येक व्हॅन रोज बाकीच्या व्हॅनना शिकवी.

"कधीतरी एखादीचा पंप खरंच जळाला असेल," सोहोनी सावकाश बोलू लागले. "तिला कमी दिसायला लागलं. कमी दिसलं म्हणून दचके कमी झाले, दचके कमी म्हणून गुण वाढले. ते बाकीच्या शिकल्या. तिला माणूस कळत नाही हो, जीव कळत नाही. गुण कळतात. न दिसण्याला आम्हीच बक्षीस लावून ठेवलं."

"आणि माणूस उडवला तर गुण जात नाहीत?"

"भरपूर जातात. पण धडक क्वचित होते, दचके रोज बसतात. बेरजेत आंधळं राहणंच फायद्याचं पडतं."

यशोधराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उरकुडेचा पाय त्या बेरजेत कुठे बसत होता, ते त्यांना चांगलंच कळलं होतं.

व्यवस्थापक बोधनकरांच्या टेबलावर सुरक्षिततेची ढाल होती. सर्वांत कमी दचक्यांचा डेपो म्हणून मुख्य कार्यालयानं दिलेली. दोघांचं सगळं ऐकून घेताना बोधनकर त्या ढालीवरची धूळ रुमालानं टिपत होते.

"मॅडम, तुमचा अभ्यास दांडगा आहे," ते म्हणाले. "पण यंत्र मुद्दाम आंधळं होते, हे मी वर कसं सांगू? लोक हसतील मला."

"उरकुडेनं निष्काळजीपणा केला हे सांगताना कोणी हसलं नाही ना? मग हेही सांगा."

शेवटी सोहोनींनी मार्ग काढला. दचके व्हॅनच्या डोळ्यांनी मोजायचेच नाहीत. वळणावळणांवर, व्हॅनच्या काचेच्या उंचीचे खांब रोवून त्यांवर साक्षीकॅमेरे बसवायचे आणि दचके त्यांनी मोजायचे. म्हणजे व्हॅननं स्वतःचे डोळे मिटून काही फायदा उरणार नाही. यशोधराबाईंनी आपल्या बाजूनं पंपच बदलायचा ठरवला. टाकी रिकामी झाली की आपोआप बंद पडणारा आणि चिकट धूळही उडवून लावील असा जास्त दाबाचा पंप. बोधनकरांनी मान डोलावली. प्रयोग करून पाहू, उरकुडेचं त्यानंतर बघू, असं ठरलं.

उरकुडे दवाखान्यात असतानाच दुसऱ्या फिटरांनी सगळ्या व्हॅनचे पंप बदलले. त्यानंतर एकही पंप जळाला नाही. काचा चकचकीत राहू लागल्या. साक्षीकॅमेऱ्यांतले दचके आठवड्याआठवड्याला घटत गेले. यशोधराबाईंना वाटलं, आता तरी उरकुडे सुटला.

बोधनकरांनी त्यांना बोलावून पेढा दिला. ढालीशेजारी दुसरी ढाल आली होती.

"पाहा, मी म्हणत नव्हतो? दुसऱ्या माणसांनी बसवलेला एकही पंप जळाला नाही. म्हणजे आधीचे कशानं जळत होते, तुम्हीच सांगा. उरकुडेच्या हातानं. तुमच्याच प्रयोगानं शाबीत झालं, मॅडम. फिटर म्हणून आता त्याला घेता येणार नाही. पण मी काही निर्दय नाही. खांबांवरचे कॅमेरे पुसायला बसवतो त्याला."

पेढा यशोधराबाईंच्या हातातच राहिला. पंपच बदलला आहे, आता तो कोरडा चालूच शकत नाही, हे त्यांनी परोपरीनं सांगितलं. बोधनकर हसत होते. त्या माणसाला खोटंही बोलावं लागत नव्हतं. सोयीचं तेवढं पाहिलं की त्याचं भागत होतं.

उरकुडे कुबडी टेकत कामावर आला. आयुष्यभर पाना हाती धरलेला माणूस आता वळणावरच्या खांबाशी स्टुलावर बसून फडकं मारू लागला. यशोधराबाई त्याला भेटायला गेल्या तेव्हा त्यांना त्याच्याकडे सरळ बघवेना.

"बसा जी मॅडम," तो स्टूल पुढे करत म्हणाला. "पायाचं काही नाही. पण माझ्या हातचा पंप गळत नसते, तुमाले तर ठाऊक हाय."

"ठाऊक आहे म्हणून तर झोप येत नाही मला. काम कसं आहे?"

"काम कायचं, पुसतच राहा लागते. आता पुसलं का घडीभरात पुन्हा माखते. आन् फडकं पाण्यात बुचकळलं का फेस येते. कोळशाच्या धुळीले फेस काहून येऊन राहिला, समजत नाही."

यशोधराबाईंनी त्याच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि नाकाला लावलं. काच धुण्याच्या पाण्यात त्या स्वतः जो साबण घालायला लावत, त्याचाच लिंबासारखा वास होता. रोज नाकाशी असलेला.

"उरकुडे, कॅमेरा पुसा. एकदम लख्ख करा. आणि मागे सरका."

वळणावर व्हॅन आली. खांबाजवळ येताच तिच्या डाव्या अंगाची तोटी सुरू झाली. पूर्वीच्या पंपानं तिथून जेमतेम व्हॅनचा स्वतःचा कॅमेरा भिजे. यशोधराबाईंच्या दणकट पंपाची धार कॅमेरा ओलांडून थेट खांबावर गेली आणि साक्षीकॅमेऱ्याच्या काचेवर फुटली. ओल्या काचेवर मागून येणाऱ्या ट्रकांची धूळ बसली. त्यानंतर आलेल्या व्हॅननं साक्षीकॅमेरा माखलेला पाहिला आणि पाणी वाया घालवलं नाही. ती भरधाव निघून गेली आणि रस्त्याकडेच्या एका बाईला डोक्यावरच्या भाऱ्यासकट नालीत उडी मारावी लागली. त्याचा दचका कुठेच नोंदला गेला नाही.

यशोधराबाईंनी तिथूनच सोहोनींना फोन लावून पाहिलेलं सगळं सांगितलं.

"शक्य आहे," सोहोनी म्हणाले. "न दिसण्याला गुण होते तेव्हा तिनं स्वतःचे डोळे मिटले. आम्ही साक्षीदार उभा केला. आता ती साक्षीदाराचे मिटते. नियम तोच आहे, बाई. गुण देणाऱ्यानं पाहू नये, एवढंच तिला हवंय."

"मग हे लेखी द्या. उरकुडेचे पंप व्हॅननंच जाळले, हे त्यात स्पष्ट लिहा."

"देतो. पण ते बोधनकरांनी मान्य करायला हवं."

यशोधराबाई तशाच डेपोत गेल्या आणि बोधनकरांना बैठकीतून उठवून घेऊन आल्या. साहेबांचा शर्ट पांढराशुभ्र, चष्मा सोनेरी काड्यांचा. त्यांनी साहेबांना नेमकं खांबाला लागून उभं केलं. उरकुडेनं कॅमेरा पुसला आणि कुबडी टेकत बाजूला झाला. व्हॅन आली. धार सुटली. निम्मी कॅमेऱ्यावर गेली, निम्मी साहेबांच्या तोंडावर.

बोधनकर निथळत उभे राहिले. चष्म्यावरून फेस ओघळत होता. व्हॅन वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

"दिसलं, साहेब?" यशोधराबाईंनी विचारलं.

बोधनकरांनी डेपोच्या दिशेनं तोंड वळवलं. तिकडे त्यांच्या टेबलावर दोन ढाली होत्या.

"नाही बुवा," ते म्हणाले. "मला तर काही दिसलं नाही."

उरकुडेनं मान खाली घातली. यशोधराबाईंनी मात्र पुढे होऊन साहेबांच्या नाकावरचा चष्मा काढला, उरकुडेच्या फडक्यानं दोन्ही काचा निगुतीनं पुसल्या आणि परत त्यांच्या नाकावर बसवला. मग त्यांचा दंड घट्ट धरला.

"उरकुडे, साहेबांना स्टूल द्या," त्या म्हणाल्या. "आणि कॅमेरा पुन्हा पुसा. दुसरी व्हॅन येऊन राहिली आहे. साहेबांना दिसेपर्यंत आपण कोणी इथून हलणार नाही."