टाचेचं वय

प्रयोगशाळेच्या पडद्यावर चिन्मयीची टाच उजळली आणि डॉ. नीरजा इंगवले पुढे वाकल्या. दुसऱ्यांच्या मुलांची हाडं बघणं सोपं. लेकीची बघणं अवघड.

"ही काळी रेघ बघ," ज्येष्ठ सहकारी डॉ. मुजावर म्हणाले. "वाढपट्टी. इथं अजून कूर्चा आहे, हाड नाही. पोरगी भराभर वाढतेय, पोटरीचा स्नायू मागे पडलाय. खो-खोत पळताना तो ही पट्टी ओढतो, म्हणून दुखतंय. काही महिने विश्रांती दे, आपोआप बरं होईल."

"निवड रविवारी आहे, सर."

"मग पुढच्या वर्षी खेळेल."

"पुढच्या वर्षी मी चौदाची होईन, काका," शेजारी बसलेली चिन्मयी रडवेली झाली. "माझा गटच संपेल."

नीरजांनी फ्रीजमधून अस्थिसाधक काढलं. त्यांचाच शोध. एका इंजेक्शनात कूर्चेचं हाड होतं; निसर्गाचं काही वर्षांचं काम दोन दिवसांत. पट्टीच उरली नाही, तर स्नायू ओढणार काय?

"बाकी हाडांना धक्का लागत नाही," त्या म्हणाल्या. "पाऊल जरा आखूड राहील, बास."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," मुजावर पुटपुटले. पण त्यांनी अडवलं नाही.

रविवारी चिन्मयी न लंगडता मैदानावर आली. आधी वयमापक. हे यंत्रही नीरजांचंच. खोटे दाखले दाखवून थोराड मुली लहान गटात घुसवणाऱ्या प्रशिक्षकांची त्यांना भयंकर चीड होती. म्हणून त्यांनी भांडून नियम करून घेतला होता: जन्मदाखला चालणार नाही, कुणाचं ऐकायचं नाही. खेळाडूनं काचेवर पाय ठेवायचा, यंत्र टाचेतली वाढपट्टी बघणार. पट्टी उघडी असली तर आत. बुजलेली असली तर वयचोरी, आणि जन्माची बंदी.

चिन्मयीनं बूट काढले, तेव्हा कुठे नीरजांच्या डोक्यात प्रकाश पडला. लेकीच्या दुखण्यापुढे त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं.

"चिनू, थांब!"

पाय काचेवर टेकला होता. लाल दिवा लागला.

"वय सतरा," पंच म्हणाला. "बंदी."

"अहो, ती तेरा वर्षांची आहे. मी आई आहे तिची."

पंच ओशाळला. नीरजांच्या हाताखालीच तो हे काम शिकला होता.

"सगळ्या आया हेच सांगतात, मॅडम. तुम्हीच म्हणाला होतात, ऐकायचं नाही."

चिन्मयी आईकडे बघत राहिली. मग बूट उचलून ती मैदानाबाहेर गेली. टाच अजिबात दुखत नव्हती.