नववा रकाना

बटाट्याची साल एका लांब पट्टीत निघाली पाहिजे, मध्ये तुटता कामा नये, हा येन्सकाकांचा नियम होता. सुकन्या हावळ तीन वर्षं तो पाळत आली होती. बटाटा उत्तरेच्या समुद्रातल्या साल्विक बेटावर होता, सुरीही तिथेच होती. सुकन्या मात्र इचलकरंजीत, घरातल्या मागच्या खोलीत, कोपरापर्यंत मोजे चढवून खुर्चीत बसली होती. इथे दुपारचे दोन वाजले होते आणि तिकडे सकाळचे साडेआठ.

या मोज्यांना दूरहस्त म्हणत. सुकन्याने बोट वाकवलं की काकांच्या स्वयंपाकघरात, छताखालच्या रुळावर फिरणारे दोन हात तसंच बोट वाकवत. त्या हातांना जे जे लागे, बटाट्याचा ओलेपणा, सुरीची गुळगुळीत मूठ, ते सगळं मोज्यातून तिच्या कातडीला कळे. उलट बाजूने तशी सोय नव्हती. काकांना लागायचा तो रबराचा तळवा, कारखान्याने ठरवून दिला तेवढाच ऊन. काकांचा उजवा अंगठा किती खरबरीत आहे, हे सुकन्याला आपल्या अंगठ्याइतकं ठाऊक होतं. तिचा हात कसा आहे, हे काकांना ठाऊकच नव्हतं.

पुण्याची जी कंपनी दूरहस्तांनी परदेशातल्या लोकांची घरकामं करून देई, तिथे तिची निवड झाली तीही हातांमुळेच. तिचे वडील वहिफणीचं काम करत. मागावर सुताने भरलेला नवा बीम चढला की त्याच्या हजारो तारा जुन्या तारांच्या टोकांना एकेक करून जोडायच्या, असं ते काम. लहानपणी ती वडिलांच्या मांडीशी बसून गाठी मारायला शिकली. वडील गेले, मग गाठी मारणारी यंत्रंही स्वस्त झाली. बोटांतली सफाई तेवढी मागे राहिली.

येन्सकाका मासेमारीची जाळी दुरुस्त करत. पहिल्याच दिवशी सुकन्या त्यांना "काका" म्हणाली, तेव्हा कानातला दुभाष्या अडखळला. दुभाष्या म्हणजे बोलता बोलता भाषांतर करणारं यंत्र. त्याने विचारलं, "काका: वडिलांचा भाऊ. बरोबर?" वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची तिला सवयच नव्हती, म्हणून ती म्हणाली, "बरोबर." तिकडे म्हातारा खो खो हसला. "मला भाऊच नव्हता," तो म्हणाला, "काय करायचे तुझे वडील?" तारा सांधायचे, असं सुकन्याने सांगितलं. त्याने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "मीही जन्मभर तेच केलं. मग असेल भाऊ." त्या दिवसापासून तो तिला पुतणी म्हणू लागला.

आता काका त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांचं हृदय थकलं होतं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं की पुढचा उन्हाळा धरून चालू नका. सुकन्या तेव्हा पेला विसळत होती. पेला फुटला नाही, कारण दूरहस्ताला थरथर गाळून टाकायची युक्ती बसवलेली असते. थरथर इचलकरंजीतच राहिली.

त्या दिवशी ती मोजे उतरवायला लागली तेव्हा काका एवढंच म्हणाले, "एकदा तुझा खरा हात हातात घ्यायला मिळाला असता तर बरं झालं असतं." मागितलं काहीच नाही. मागितलं असतं तर तिला नाही म्हणता आलं असतं.

"तिथं जाऊन करनार काय तू?" आईने भाकरी थापता थापता विचारलं. "त्यो म्हातारा तुजा कोण लागतो?"

"कोणी नाही गं. पण मी जाणार."

मार्ग होता. दूर राहून काम करणाऱ्यांसाठी साल्विकचा एक दीर्घ वास्तव्याचा परवाना होता, दूरकर्मी परवाना. नोकरी दुसऱ्या देशातली हवी, बेटावरच्या कोणाची चाकरी करायची नाही, बाकी वर्षभर सुखाने राहा. म्हणजे सुकन्याला काकांचं काम सोडावं लागणार. काकांच्या शेजारच्या गल्लीत राहून ती जपानमधल्या कुणाच्या तरी कुंड्यांना पाणी घालणार, काकांचे बटाटे साताऱ्याची एक मुलगी सोलणार, आणि काम आटोपलं की सुकन्या चालत जाऊन काकांच्या दारावर टकटक करणार. हे ऐकून आईने पिठाचाच हात कपाळाला लावला.

अर्ज ऑनलाइन होता, सतरा पानांचा. नवव्या रकान्यात विचारलं होतं: या देशात आपले कोणी नातेवाईक आहेत का? सुकन्याने "नाही" लिहिलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. चूक पुढे झाली. आपल्याकडे अर्जाला मागतील त्यापेक्षा दोन कागद जास्तच जोडायची रीत आहे, ऐनवेळी अडायला नको म्हणून. नोकरीचा पुरावा म्हणून नेमणुकीचं पत्र पुरलं असतं. तिने तीन वर्षांच्या कामाच्या सगळ्या नोंदी जोडल्या, संभाषणांसकट.

चौथ्या दिवशी ऑनलाइन मुलाखत झाली. घेणारा माणूस नव्हता, परीक्षक नावाची प्रणाली होती, आणि तिचा आवाज फार सभ्य होता.

"आपण नवव्या रकान्यात 'नाही' लिहिलं आहे. जोडलेल्या नोंदींत श्री. येन्स हाल्वार्द यांना आपण चार हजार दोनशे सोळा वेळा वडिलांचा भाऊ म्हटलं आहे. त्यांनी आपल्याला भावाची मुलगी म्हटलं आहे. पहिल्या दिवशी विचारलं असता आपण 'बरोबर' असं उत्तर दिलं आहे."

"ते तसं नाही. आमच्याकडे सगळ्यांनाच म्हणतात."

"नातेवाईक असल्यास कुटुंब विभागात अर्ज करावा लागतो. त्याला साधारण दोन वर्षं लागतात." थोडं थांबून परीक्षक म्हणाला, "श्री. हाल्वार्द आपले नातेवाईक आहेत का? हो किंवा नाही. आपलं उत्तर त्यांनाही कळवलं जाईल."

दोन वर्षं काकांपाशी नव्हती. सुकन्याने मोजे नसलेले आपले हात मांडीवर घट्ट धरले. "नाही," ती म्हणाली, "ते माझे कोणी लागत नाहीत." हेच वाक्य आईला सांगताना तिला काहीच वाटलं नव्हतं. आता मात्र घरातल्याच माणसाला दाराबाहेर काढल्यासारखं झालं, आणि तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने मोजे चढवले ते भीतभीतच. काका खिडकीशी बसले होते. तिने त्यांचे केस विंचरायला घेतले.

"मला पत्र आलं," काका म्हणाले, "तू नाही म्हणालीस."

कंगवा थांबला. "काका, मला..."

"बरोबर केलंस. नियमच तसा आहे. मलाही तोच प्रश्न विचारलाय."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हणालो."

सुकन्याला एकदम त्यांचा रागच आला. "अहो काका, आता अर्ज बाद होईल. माझ्यासाठी नाही म्हणायचं होतं."

"तुझ्या जिभेला खोटं बोलावं लागलं ते माझ्यापायी," काका म्हणाले, "माझ्यापाशी आता बोलायला फार दिवस उरलेले नाहीत. जे बोलेन ते तरी खरं असू दे की." मग मान जराशी मागे करून म्हणाले, "विंचर. उजवीकडे राहिलंय."

दोघांची उत्तरं जुळेनात, तेव्हा परीक्षकाने हात टेकले आणि प्रकरण माणसाकडे गेलं. पुढच्या मंगळवारी, बेटावरच्या अकरा वाजता म्हणजे इथल्या साडेचारला, सुनावणी ठेवली. अधिकारी म्हणून एक पन्नाशीच्या बाई होत्या, सिग्रुन ब्रात. त्यांचा चेहरा इकडच्या पडद्यावरही होता आणि काकांच्या स्वयंपाकघरातल्याही. काकांच्या आजारपणामुळे सुकन्याला त्या वेळी दूरहस्त चालू ठेवायची परवानगी होती.

"मला एवढंच समजून घ्यायचंय," ब्रातबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकमेकांची कोण?"

सुकन्याने सांगितलं की आमच्याकडे रिक्षावाल्यालाही काका म्हणतात आणि भाजीवालीला मावशी. त्याला पुरावा लागत नाही. "पण बाई, कुणाला रोज म्हटलं की मग ते निभवावंही लागतं. मी निभवायलाच येतेय."

ब्रातबाई पेन बोटांत फिरवत राहिल्या. "यासाठी माझ्याकडे रकाना नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "रकाने दोनच आहेत. दोघांनी मिळून लिहून दिलंत की आमचं काही नातं नाही, तर परवाना मी आत्ता देऊ शकते. नाहीतर दोन वर्षं. हावळबाईंचं 'नाही' नोंदलेलं आहेच; श्री. हाल्वार्द, तुमची सही लागेल."

कागद काकांच्या टेबलावरच्या यंत्रातून बाहेर आला. काकांनी तो वाचला, पुन्हा वाचला. सुकन्याला वाटलं, आता हे हट्टाला पेटणार.

"सही केली की ती येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल."

"मग पेन द्या."

पण पेन काही त्यांच्या बोटांत टिकेना. जाळ्याच्या लाखो गाठी मारलेली ती बोटं आता आजारपणाने थरथरत होती. पेन दोनदा खाली पडलं. तिसऱ्यांदा ते रबराच्या हाताने उचललं. सुकन्याने काकांच्या बोटांत पेन दिलं, वरून आपली मूठ मिटली, आणि इचलकरंजीतल्या खुर्चीत बसून तिने त्यांचं नाव गिरवून घेतलं. वर लिहिलं होतं: सदर व्यक्ती माझी कोणीही नाही. ते नाव पुरं होईतो त्यांच्या हाताची ऊब तिला लागत होती. इतकं अवघड काम तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"झालं," काका म्हणाले. त्यांनी रबराचा हात सोडला नाही.

ब्रातबाईंनी सहीची प्रत पाहिली आणि मंजुरीच्या बटणाकडे बोट नेलं. त्याच वेळी मागच्या खोलीचं दार ढकलून आई चहा घेऊन आत आली. सुनावणी चालू आहे, बोलू नकोस, हे सकाळपासून दहादा सांगून झालं होतं. पण पडद्यावर पांढऱ्या केसांचा तो माणूस, त्याच्या समोरची वाफ गेलेली सुपाची वाटी आणि मुलीचे भरलेले डोळे, हे सगळं आईला एकदमच दिसलं. कसाबसा कप ठेवत ती म्हणाली, "अगं, भावजी जेवले का न्हाई? आन्न कवाचं गार झालंय."

दुभाष्या चालूच होता. त्याने तिघांच्याही कानात आपलं काम चोख बजावलं. "भावजी: नवऱ्याचा भाऊ. वाक्य: माझ्या नवऱ्याचा भाऊ जेवला की नाही? बरोबर?"

काकांनी मान वर केली आणि पडद्याच्या कोपऱ्यात पदर सावरत उभ्या असलेल्या त्या बाईकडे ते बघत राहिले. सुकन्याला कळत होतं की ही नोंद झाली आहे, ती पुसता येणार नाही, आणि चार ओळींचा तो सही केलेला कागद आता खोटा ठरू शकतो. आईला मात्र एवढंच कळत होतं की आपण काहीतरी विचारलं आणि कोणी उत्तर देत नाही.

ब्रातबाईंचं बोट बटणावर अधांतरी थांबलं होतं. त्यांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग वाटीकडे. काकांच्या हातातल्या रबराच्या हाताकडे त्या त्याहून जास्त वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी बटण दाबलं. सुकन्याच्या पडद्यावर हिरवी चौकट उमटली: परवाना मंजूर, मुदत एक वर्ष.

चष्मा काढून तो पुसत ब्रातबाई म्हणाल्या, "हावळबाई, तुमच्या आईंनी काहीतरी विचारलंय. त्यांना आधी उत्तर द्या. जेवलेत का तुमचे काका?"