धरली का, देवीदास?

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मला कोणाला पटवायचं नाही. पण माझ्या मामाचे हात मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यापुढे तुमचं शहाणपण मला सांगू नका.

साल १९८४. पांढुर्ण्याची एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी.

आणि रात्रीची गोष्ट नाही बरं... भर दुपारची.

देवीदासमामा आणि हिरामण तिथे जोडीनं काम करायचे. मशिनी फिरवणाऱ्या, छताजवळच्या शाफ्टाला तेल घालायचं. हिरामण वर, मामा खाली. शिडीचं वरचं टोक दोरानं बांधायचा नियम होता. पण हंगाम आला की दोर कापसाच्या बैलबंड्या बांधायला जायचा. मग शिडी माणसानंच धरायची.

चढणारा विचारायचा, "धरली का?"

धरणारा खालच्या दांड्यावर पाय रोवून, दोन्ही हात लावून म्हणायचा, "धरली!"

त्याशिवाय हिरामण वर पाय ठेवत नसे.

त्या दिवशी मामा तंबाखू मळत होता. सवयीनं बोलून गेला, "धरली!"

खाली सरकी सांडलेली होती. शिडी सरकली...

हिरामण जागीच गेला.

मामानं सगळ्यांना सांगितलं, "न इचारताच चढला. पेला असन."

हिरामण जन्मात दारूला शिवला नव्हता हो! पण मेलेला माणूस काय बोलणार? त्याच्या शांताबाईला लोक तोंडावर बेवड्याची बायको म्हणू लागले. मामा ऐकायचा आणि मान खाली घालायचा. त्याला जेवण जाईना.

त्यानंतर वर कोणी चढायला तयार होईना. तेलावाचून शाफ्ट दिवसभर किंचाळायचा.

एका दुपारी जेवणाची सुट्टी झाली. मशिनी बंद. सगळे बाहेर भाकरीची फडकी सोडून बसलेले. मामा एकटाच आत, शिडी बाजूला ठेवायला गेला. हात लावला...

कानाजवळून आवाज आला.

"धरली का, देवीदास?"

आजूबाजूला कोणी नव्हतं.

मामाच्या तोंडून निघालं, "धरली."

खालचा दांडा करकरला... मग त्याच्या वरचा... मग त्याच्याही वरचा. शिडी जड होत गेली.

मग सगळं शांत. खाली उतरल्याचा आवाज काही आला नाही.

भोंगा वाजला. लोक आत आले, तर मामा रिकामी शिडी धरून घामानं निथळत होता.

"सोड ना बे! का करून राहिला?"

"सोडू कसा? हिरामण वर हाये!"

कोणीतरी पळत जाऊन शांताबाईला आणलं. तिला पाहून मामा रडायलाच लागला.

"वहिनी, मी धरली नोती. धरली म्हनलं, पन हातात तंबाखू होता. तो पेला नोता. मीच खोटं बोललो."

"सगळ्यायले आयकू येईन असं सांगा, भाऊ."

मामानं ओरडून पुन्हा सांगितलं.

शांताबाईनं शिडीवर हात ठेवला. बराच वेळ वर पाहत राहिली.

"आता तरी मले 'सोड' म्हना, वहिनी..."

ती हळूच म्हणाली, "सोडू नका, भाऊ. ते उतरले नाई अजून."

आणि निघून गेली. तिला खरंच काही दिसलं, की तिच्या पोटातला राग बोलला, कोण जाणे.

संध्याकाळी लोकांनी मामाची बोटं ओढून ओढून सोडवली. दुसऱ्या दिवशी मशिनी सुरू झाल्या, तर शाफ्टाचा आवाज नाही. कोणीतरी वर तेल घातलं होतं...

शिडी सुटताच मिटलेल्या मामाच्या मुठी मात्र परत उघडल्या नाहीत. मामी घास भरवायची. डॉक्टर झाले, नागपूर झालं. कोणाला काही कळलं नाही.

तो गेला तेव्हा मी उशाशी होते. डोळे छताकडे लावून मला म्हणाला, "मंगला... मी चाललो वो. शिडी कोन धरन?"

जीव तुटला माझा. त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "मी धरली, मामा."

मामाच्या मुठी अलगद उघडल्या.

आणि माझ्या हातात तर काहीच नव्हतं...